पेंडरील, मूळ मालकासह

क्लेमंट हॅडो हा पेंडरील मोटार मालक संघाचा जुना सभासद होता. त्याच्याकडे पेंडरील नव्हती. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं संघात कुणी बोलून दाखवत नसे, कारण ते असभ्यपणाचं झालं असतं. आमच्या लिटल मारवुडमध्ये माणसं एक वेळ खोटं बोलतील, पण असभ्य बोलणार नाहीत.

क्लेमंट दातांचा डॉक्टर होता. सगळी उमर लोकांना 'तोंड उघडा' सांगण्यात गेली; स्वतःचं मात्र त्यानं कधी उघडलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याला हा संघच काय तो उरला होता. मेळाव्याला जायचं, दुसऱ्याच्या गाडीवर छत्री धरायची, काकडीची सँडविचं फिरवायची आणि कुणी बॉनेट उघडलं की आत डोकावून 'वा!' म्हणायचं, एवढं त्याचं सभासदत्व. पण त्याच्या 'वा'ला मान होता. मालक मंडळी इंजिनाची वाफ जायच्या आत त्याला हाक मारत.

आणि त्या वसंतात संघाचे चिटणीस गॉडफ्री ब्लीझडेल यांनी नियम काढला. उन्हाळी मेळाव्यात प्रत्येक सभासदाचं आपापल्या गाडीशेजारी छायाचित्र निघेल. ज्याच्या शेजारी गाडी नसेल तो त्या क्षणापासून सभासद नाही. तो संघाचा हितचिंतक. हितचिंतकांना तंबूत चहा मिळत नाही. त्यांनी संघाचं हित बाहेर उभं राहून चिंतायचं.

क्लेमंट त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. आम्ही शेजारी.

"गाडी घ्यायला हवी," तो म्हणाला.

"मग घे की. इतकी वर्षं काय करत होतास?"

"निवडत होतो."

गाड्या बघायला माझ्या गाडीतून जायचं ठरलं. माझी गाडी रोज सकाळी सुरू होते. त्यामुळे संघात तिला कुणी गाडी म्हणत नाही.

जुनी उंची मोटार पहिल्यांदा घेणाऱ्यानं जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणतात. संघात जाणकार सगळेच होते, पण त्यांचे दोन पंथ होते. एक पुसणाऱ्यांचा, दुसरा पळवणाऱ्यांचा. पुसणाऱ्यांचे पुढारी स्वतः गॉडफ्री. त्यांची पेंडरील बंद ट्रेलरमधून मेळाव्याला येई, हातमोजे घालून खाली उतरवली जाई आणि कुणी जवळ जाऊन शिंकलं तर पुन्हा पुसली जाई.

"चालवू मात्र नकोस," गॉडफ्रीनं बजावलं. "चालवली की झिजते. आणि काहीही बदलू नकोस. मूळचा ओरखडा असेल तर ओरखडा राहू दे. मूळ ते मूळ."

पळवणाऱ्यांची पुढारी हिल्डा क्रॅबट्री. ही बाई गारपिटीतही गाडीचं छप्पर उघडं ठेवून हिंडे. तिचा डावा दरवाजा दोरीनं बांधलेला होता आणि दोरी मूळची नव्हती, यावरून गॉडफ्रीची झोप उडाली होती.

"त्या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस," हिल्डा म्हणाली. "उभी ठेवलेली गाडी म्हणजे कपाट. कपाट घ्यायचं असेल तर लिलावात जा."

क्लेमंटनं दोघांनाही 'अगदी बरोबर' म्हटलं.

पहिली गाडी एका निवृत्त ऑर्गनवादकाकडे होती. गाडी दाखवतो म्हणाला आणि आम्हाला जिन्यानं वर घेऊन गेला. मोटार बघायला जिना चढावा लागला की माणसानं सावध व्हावं. इंजिन न्हाणीघरात टबमध्ये होतं. पुढचे दिवे पाहुण्यांच्या खोलीत उशांवर. मागची सीट बैठकीत होती आणि तिच्यावर त्याची बायको विणत बसली होती.

"गाडी तशी पूर्ण आहे," तो म्हणाला. "फक्त एका ठिकाणी नाहीये."

"फार प्रशस्त वाटते," क्लेमंट म्हणाला.

"जोडायला एक हिवाळा लागेल."

"कुठला?" मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघू लागला. क्लेमंट टबातल्या इंजिनाला उद्देशून इतक्यांदा 'वा' म्हणाला, की ऑर्गनवादकाचा सौदा झाल्याचा समज होऊ लागला. तेव्हा मी घड्याळ बघून खोटंच ओरडलो, "अरे, तुझी इनिड वाट बघत असेल!" आणि क्लेमंटला खाली ओढत आणलं.

मेळावा जवळ येत चालला. क्लेमंटची भूक गेली. इनिड, म्हणजे त्याची बायको, मूळची यॉर्कशरची. तिकडे मनात येतं ते बोलतात. आमच्याकडे येऊन तीस वर्षं झाली तरी तिची ती सवय गेली नव्हती. ती म्हणाली, "एका चहाच्या कपासाठी एवढं? घरी करून देते." पण तो कप तंबूतला हवा होता, हे तिलाही कळत होतं.

अशात पोस्टाच्या खिडकीत एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'पेंडरील रीजेंट. एकाच मालकाची. योग्य माणसालाच.' आपण योग्य माणूस आहोत, हे क्लेमंटला मान्य नव्हतं, पण आम्ही गेलो.

मिसेस थ्रिप एकट्या राहत होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. बॉर्नमथला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या आणि बहिणीच्या दारात गाडी ठेवायला जागा नव्हती. चहा झाला, केक झाला, हवेवर बोलून झालं. किमतीचा विषय निघाला नाही. तो निघत नसतोच; तो नंतर वकिलांनी एकमेकांत कुजबुजून उरकला. मग त्यांनी कोठाराचं दार उघडलं.

मी गाड्यांतला नाही. पण ती गाडी पाहिल्यावर मीही टोपी काढली. गडद निळी, लांब, शांत. किल्ली फिरवली तर सुरू झाल्याचा आवाज नाही. फक्त कोठारातल्या कोंबड्यांनी माना वळवल्या. क्लेमंटनं गल्लीतून एक फेरी मारून आणली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे पाहिलं.

"मागं बसून बघा ना," मिसेस थ्रिप म्हणाल्या.

आम्ही मागं बसलो. दोन सीटांच्या मधे चांदीची राखदाणी होती. त्या काळच्या श्रीमंतांना सिगार ओढताना मधे थांबायला आवडत नसे, त्यामुळे पेंडरीलची राखदाणी सुपाच्या भांड्याएवढी असे. मिसेस थ्रिपनी तिचं झाकण हळूच उघडलं. ती काठोकाठ भरलेली होती.

"आणि हे लायोनेल," त्या म्हणाल्या. "माझे यजमान."

क्लेमंटनं हातातली टोपी छातीशी धरली.

"भेटून आनंद झाला," तो राखदाणीला म्हणाला.

"गाडी ह्यांनीच नवी घेतलेली. दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू दिला नाही. शेवटी म्हणाले, मला गाडीतच ठेव. ठेवले. तुम्हाला अर्थात अडचण होईल. मी काढून घेते त्यांना."

आणि त्यांचा हात पुढे गेलाही होता. एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या छत्र्या धरणाऱ्या माणसाला ते कसं जमावं?

"छे छे!" क्लेमंट म्हणाला. "अडचण कसली? राहू द्या की."

मिसेस थ्रिपचा हात हवेत थांबला.

"नक्की? म्हणजे, माझं मन राखायला म्हणून म्हणत असाल तर—"

"मुळीच नाही. जागा पुष्कळ आहे. उलट सोबत होईल."

"पण तुमच्या मिसेसना?"

"तिला माणसांची फार आवड."

मिसेस थ्रिपनी झाकण लावलं. त्यांचा चेहरा रेल्वे सुटून गेलेल्या माणसासारखा झाला होता. "किती चांगले आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. आता त्या तरी काय करणार? माणूस इतक्या अगत्यानं तुमचा नवरा ठेवून घेतो म्हटल्यावर 'नको, द्या इकडे' म्हणायचं म्हणजे त्याच्या अगत्याचा अपमान. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती सगळ्यांचीच बहीण आहे आणि रविवारी जेवायला असते.

पेंडरील पुढे आणि मी मागे असे परत निघालो. पहिल्याच पंपावर मी त्याला गाठलं.

"अरे, तिला तो हवा होता!"

"ठाऊक आहे."

"तुला नको होता!"

"तेही ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? काढून घ्या म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, मला तो आवडला नाही."

इनिडनं गाडीला एक चक्कर मारली, बसून पाहिली, कातड्यावरून हात फिरवला, आणि मग झाकण उघडलं.

"हे काय?"

"लायोनेल थ्रिप," क्लेमंट म्हणाला. "पहिला मालक."

इनिडनं झाकण लावलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. हे लिटल मारवुडमध्ये बऱ्याच जणांनी खिडकीतून पाहिलं.

"क्लेमंट, लोकांना जुन्या गाडीत उंदीर सापडतात. तुला माणूस सापडला."

"फार शांत आहे गं."

"उद्या फोन कर आणि परत ने म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. इनिड शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती, म्हणून मला हे सगळं नीट कळलं. क्लेमंट म्हणाला, "मिसेस थ्रिप, आपल्या यजमानांबद्दल बोलायचं होतं." पलीकडून घाईनं, आशेनं आवाज आला, "काही त्रास तर नाही ना देत?" आता त्रास देतो म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाची बदनामी. "छे हो! अगदी घरच्यासारखे झालेत," क्लेमंट म्हणाला. पलीकडून बारीक आवाजात, "रात्री त्यांना गार लागतं." चार दिवसांनी पार्सल आलं. त्यात लोकरी मफलर होता.

मफलर राखदाणीभोवती गुंडाळण्यात आला. इनिडनं पुढच्या सीटवर बसायला सुरुवात केली आणि गाडीत घरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत असा दंडक घातला. "परक्या माणसासमोर कशाला?" पण बाजाराला जाताना ती मागं वळून 'सुप्रभात' म्हणू लागली होती. क्लेमंट वळणावर गाडी हळू घेई. मागच्याला हिसका बसू नये म्हणून.

उन्हाळी मेळावा दरवर्षीप्रमाणे मॅनरच्या, म्हणजे गावच्या जुन्या वाड्याच्या, हिरवळीवर भरला आणि दरवर्षीप्रमाणे पाऊस पडत होता. क्लेमंटनं निळी पेंडरील फाटकातून आत आणली तेव्हा तंबूतले लोक कप घेऊन बाहेर आले. त्या दिवशी पहिल्यांदाच इतरांनी त्याच्या गाडीवर छत्र्या धरल्या आणि 'वा' म्हटलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

गॉडफ्री भिंग घेऊन तपासणीला आले. मूळ रंग, मूळ काचा, मूळ कातडं. मग मागचं दार उघडून त्यांनी मफलर सोडला.

"हे काय?"

क्लेमंटनं सांगितलं. गॉडफ्री मागच्या सीटवर बसले. त्यांना बसावंच लागलं.

"मूळ मालक!" ते पुटपुटले. "जागच्या जागी!"

वार्ता हिरवळभर पसरली. पुसणारे रांगेनं येऊन राखदाणीपुढे वाकून गेले. असला मूळपणा त्यांनी ऐकलाही नव्हता. इंजिनाचा क्रमांक जुळणाऱ्या गाड्या पुष्कळ, मालक जुळणारी एकच. हिल्डा क्रॅबट्रीही आली. "याला म्हणतात गाडीवाला," ती म्हणाली. "मेला तरी उतरला नाही."

इथवर सगळं ठीक होतं. छायाचित्रकार आला आणि म्हणाला, "मालकांनी गाडीशेजारी उभं राहावं." क्लेमंट टाय सारखा करून पुढे झाला.

"एक मिनिट," गॉडफ्री म्हणाले. "घटनेप्रमाणे एका गाडीमागे सभासद एकच. आणि मालक तर आधीच गाडीत आहेत."

"पण गाडी मी विकत घेतलीय," क्लेमंट म्हणाला.

"निःसंशय. पण मालकांनी ती सोडली आहे का?"

सगळ्यांनी राखदाणीकडे पाहिलं. सोडली आहे असं म्हणायला जागा नव्हती.

"तू वाईट वाटून घेणार नाहीस ना, क्लेमंट?" गॉडफ्रीनं विचारलं.

"छे छे," क्लेमंट म्हणाला. झालं. तो हितचिंतक झाला. त्याला तंबूच्या दोरीपलीकडे उभं करण्यात आलं आणि इनिड त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या ओठांची रेघ झाली होती. छायाचित्र लायोनेल थ्रिपचं निघालं. मफलरसकट.

मग अध्यक्षांची निवडणूक. ही दरवर्षी होई आणि दरवर्षी मतं समसमान पडत, कारण पुसणारे आणि पळवणारे मोजून सारखे होते. खुर्ची कित्येक वर्षं रिकामी होती. या वेळी कुणीतरी, बहुधा पाऊस फार झाल्यामुळे, थ्रिप यांचं नाव सुचवलं. पुसणाऱ्यांना ते पसंत पडले, कारण ते हलत नव्हते. पळवणाऱ्यांना पसंत पडले, कारण ते कुठल्याही हवेत गाडीतून फिरत. शिवाय ते कुणाला टाकून बोललेले कुणाच्या आठवणीत नव्हते. थ्रिप एकमतानं निवडून आले. त्यांच्यासाठी एक कप चहा गाडीच्या पायरीवर ठेवण्यात आला. क्लेमंट त्या कपाकडे दोरीपलीकडून बघत होता.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून मिसेस थ्रिप आल्या. भिजलेल्या, हातात पिशवी. बॉर्नमथहून आमच्याकडे यायचं म्हणजे दोन गाड्या बदलून वर बस.

"सहज इकडून चालले होते," त्या म्हणाल्या.

"अरे वा," क्लेमंट म्हणाला. "बरं झालं आलात."

"कसे आहेत हे?"

"अध्यक्ष झाले आत्ताच."

"हो का? छान." त्यांनी गाडीकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं. "तुम्ही फार नीट ठेवलंय त्यांना."

"त्यांचा काही त्रासच नाही."

"नाही, तसा त्यांचा कधीच नसे." आणि त्या रुमाल काढून हवेबद्दल काहीतरी बोलू लागल्या. दोघं असे संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते. ती नवऱ्याविना बॉर्नमथला परत गेली असती, हा चहाविना घरी. आणि दोघांनीही एकमेकांचे आभार मानले असते.

"बाई," इनिड म्हणाली, "तुम्हाला तुमचा नवरा परत हवाय का?"

हिरवळीवरचे सगळे लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. असा थेट प्रश्न आमच्या परगण्यात न्यायालयातसुद्धा विचारत नाहीत.

"हो," मिसेस थ्रिप म्हणाल्या. "रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायची सवय आहे हो मला. बहीण ऐकते, पण ती उत्तरं देते."

गॉडफ्री धावत आले. "बाईसाहेब, हे शक्य नाही. ते अध्यक्ष आहेत. राजीनामा लेखी लागतो."

"आणि आत्ता तर कुठं सुरुवात केलीय त्यांनी," हिल्डा म्हणाली. "क्लेमंट, तू सांग ना यांना समजावून. तुझं कसं छान असतं."

सगळे क्लेमंटकडे वळले. त्याला आयुष्यभर ज्या लोकांत बसायचं होतं ते सगळे त्याच्याकडून एक 'छे छे' मागत होते. त्यानं एकदा गॉडफ्रीकडे पाहिलं, एकदा हिल्डाकडे. मग तो दोरी ओलांडून आत आला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "इनिड, डबा."

इनिडनं घरून आणलेला बिस्किटांचा डबा गवतावर रिकामा केला.

"राखदाणी जागची हलवू नकोस!" गॉडफ्री किंचाळले. "मूळची आहे!"

म्हणून ते चमच्यानं करावं लागलं. क्लेमंटचा हात दातांच्या डॉक्टरचा. गवतावर एक कण सांडला नाही. पुसणाऱ्यांनी टोप्या काढल्या होत्या. काय करावं न सुचून पळवणाऱ्यांनीही काढल्या. डबा भरत आला तेव्हा मिसेस थ्रिपनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्हालाही लळा लागला असेल. थोडे ठेवू का तुमच्यासाठी? संकोच करू नका हं."

इनिडनं डोळे मिटून घेतले. मीही.

क्लेमंटचं तोंड उघडलं. त्यातून 'छे' बाहेर पडण्याच्या बेतात होतं, आम्हाला ते दिसत होतं. पण त्या 'छे'पुढे 'अडचण कसली' येतं की 'मुळीच नको' येतं, हे बहुधा त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"नको," क्लेमंट म्हणाला.

कुणाच्या तरी कपात चमचा वाजला, तेवढाच आवाज. मिसेस थ्रिपनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "सुटले बाई," त्या म्हणाल्या, आणि डबा छातीशी धरून इनिडच्या गालाचा मुका घेतला.

गॉडफ्री मात्र भिंग घेऊन राखदाणीत शिरले होते. संघापुढे बाका प्रसंग होता. अध्यक्ष गेले म्हणजे पुन्हा निवडणूक, पुन्हा समसमान मतं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले.

"कोपऱ्यात थोडेसे आहेत," ते म्हणाले. "चिमूटभर. खाचेत."

"मग?" हिल्डानं विचारलं.

"अध्यक्ष किती उपस्थित असावेत याबद्दल घटनेत काहीच म्हटलेलं नाही. खाच त्यांची. बाकीची गाडी क्लेमंटची."

यावर मत घेतलं गेलं नाही, कारण मत घेतलं की काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. छायाचित्रकाराला परत बोलावलं. क्लेमंट आपल्या पेंडरीलशेजारी उभा राहिला. टाय वाकडा, बाहीवर थोडे लायोनेल. मग गॉडफ्रीनं राखदाणीकडे तोंड करून सभा सुरू करायची परवानगी मागितली. आम्ही सगळे थांबलो.

"हरकत दिसत नाही," हिल्डा म्हणाली, आणि क्लेमंट तंबूत चहा प्यायला गेला.